साधनाच्या पोटातील मार्गदर्शिका

कार्यालयात किंवा शाळेत नवे यंत्र आले म्हणजे त्यापाठोपाठ ते चालविणारा जाणकारही यावा लागतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. जाणकार असतो तोवर काम सुरळीत चालते. त्याची बदली झाली किंवा तो सेवानिवृत्त झाला, की यंत्र जागच्या जागी राहते. त्याच्याकडून काम करवून घेण्याची विद्या मात्र त्या गृहस्थाबरोबर निघून जाते. अमरावती जिल्ह्यात धारणी-चिखलदऱ्याच्या शिक्षकाला किंवा अकोला जिल्ह्यात पातूर-बार्शीटाकळीकडील एखाद्या ग्रामपंचायतीला लहानशा शंकेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले, तर त्यात सबंध दिवस मोडतो. शंका तर बहुधा एवढीशीच असते: ही कळ दाबली असता काय होते? अमुक काम करणारी आज्ञा कोणती?

अशा शंकांचे उत्तर पुष्कळदा त्या साधनाच्या पोटातच लिहून ठेवलेले असते. ते तेथे आहे हे माहीत नसते, आणि माहीत असले तरी ते कसे मागावे हे कोणी शिकविलेले नसते. या दृष्टीने 'एमॅक्स' या टेक्स्ट एडिटरची रचना अभ्यासण्यासारखी आहे.

स्वतःची ओळख सांगणारा एडिटर

टेक्स्ट एडिटर म्हणजे संगणकावर मजकूर लिहिण्याचे, दुरुस्त करण्याचे व जतन करण्याचे साधन. एमॅक्सचा प्रारंभ १९७६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झाला. रिचर्ड स्टॉलमन हे त्याचे प्रमुख कर्ते होत. त्यांनीच पुढे तयार केलेला 'ग्नू एमॅक्स' १९८५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तो आजही विनामूल्य उपलब्ध असून त्यात बदल करण्याची व तो इतरांना देण्याची पूर्ण मुभा आहे.

या एडिटरची दोन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत. पहिले असे की, तो विस्तारक्षम आहे. दिनदर्शिका, पत्रव्यवहार, तक्ते, टिपणे अशा अनेक सुविधा त्याला जोडता येतात. या जोड-सुविधांना पॅकेज म्हणतात. काही पॅकेजे एडिटरबरोबरच येतात, तर काही मागाहून मिळवावी लागतात. दुसरे वैशिष्ट्य असे की, तो स्वतःची माहिती स्वतः देतो. प्रत्येक आज्ञेचे स्पष्टीकरण त्या आज्ञेच्या व्याख्येतच लिहिण्याची पद्धत आरंभापासून पाळली गेली आहे.

वऱ्हाडच्या वाचकाला ही पद्धत अपरिचित वाटू नये. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र स्थान. चक्रधरस्वामींची वचने सूत्रपाठात संकलित झाली. परंतु सूत्र कोणत्या प्रसंगी आणि कोणाला उद्देशून उच्चारले गेले हे कळल्यावाचून त्याचा नेमका अर्थ लागत नाही, हे त्या परंपरेने ओळखले होते. म्हणूनच सूत्रांमागील प्रसंग सांगणारा 'प्रकरणवश' हा ग्रंथ सूत्रपाठाच्या जोडीने जपला गेला. सूत्र आणि त्याचा संदर्भ यांची ताटातूट होऊ नये, हाच त्यामागील विचार होता. एमॅक्समध्ये आज्ञा आणि तिचे स्पष्टीकरण एकत्र ठेवण्यामागेही याच जातीची सावधगिरी आहे.

एक कळ, अनेक प्रश्न

मदतीची मुख्य कळ एकच आहे. 'कंट्रोल' ही कळ धरून 'एच' दाबावी. त्याऐवजी कळफलकाच्या वरच्या ओळीतील 'एफ-१' ही कळही चालते. त्यानंतर एक अक्षर दाबावयाचे असते. ते अक्षर म्हणजे आपल्या प्रश्नाचा प्रकार होय.

मदतीच्या कळेनंतर 'के' दाबून जी कोणती कळ पुढे दाबली जाईल, तिचे कार्य पडद्यावर लिहून येते. 'एफ' दाबल्यास आज्ञेचे नाव विचारले जाते व तिचे स्पष्टीकरण मिळते. 'व्ही' हे अक्षर चलांसाठी, म्हणजे वापरणाऱ्याने आपल्या सोयीनुसार ठरवावयाच्या मूल्यांसाठी आहे. 'एम' दाबल्यास त्या क्षणी कोणत्या सुविधा चालू आहेत आणि त्यांच्या कळा कोणत्या, हे समजते. आज्ञेचे नावच ठाऊक नसेल, तर 'ए' दाबून विषयाचा एखादा शब्द द्यावा. तो शब्द ज्यांच्या नावात आहे अशा आज्ञांची यादी समोर येते. नावाऐवजी स्पष्टीकरणाच्या मजकुरात शोध घ्यावयाचा असेल, तर 'डी' हे अक्षर आहे.

अनेक कळा दोन टप्प्यांच्या असतात. पहिला टप्पा आठवतो, दुसरा आठवत नाही, असे नवशिक्याचे नेहमी होते. अशा वेळी पहिला टप्पा दाबून लगेच मदतीची कळ दाबावी, म्हणजे त्या टप्प्यानंतर येऊ शकणाऱ्या कळांची यादी उघडते. मदतीची खिडकी बंद करण्यास त्या खिडकीत 'क्यू' ही कळ आहे, आणि अर्धवट राहिलेली कोणतीही आज्ञा 'कंट्रोल' धरून 'जी' दाबल्याने सोडून देता येते. एवढे माहीत असले, की चुकीच्या कळेचे भय उरत नाही.

या सर्व गोष्टींना इंटरनेटची आवश्यकता नाही. माहिती संगणकातच असते. मेळघाटातील ज्या गावांत दूरसंचार सेवा बेभरवशाची आहे, तेथे या गोष्टीचे मोल अधिक आहे. शिवाय ही माहिती त्या संगणकावरील आवृत्तीचीच असते. अन्य ठिकाणाहून मिळालेला सल्ला जुन्या किंवा नव्या आवृत्तीचा असल्यास घोटाळा होतो. तो येथे सहसा होत नाही.

जोड-सुविधांची माहिती तीन ठिकाणी

खरी अडचण येते ती पॅकेजांच्या बाबतीत. मूळ एडिटरची माहिती मिळाली, तरी जोडलेल्या सुविधेची माहिती कोठे आहे, असा प्रश्न पडतो. तिची तीन ठिकाणे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचे उत्तर वेगळ्या प्रकारचे असते.

पहिले ठिकाण म्हणजे आज्ञेला जोडलेले छोटे स्पष्टीकरण. ते वर सांगितलेल्या 'एफ' आणि 'व्ही' या अक्षरांनी मिळते. आज्ञा कशी चालवावी, एवढे ते थोडक्यात सांगते.

दुसरे ठिकाण म्हणजे पॅकेजच्या मूळ धारिकेच्या आरंभी लेखकाने लिहिलेले निवेदन. पॅकेज कशासाठी आहे, ते कसे सुरू करावे, त्याच्या मर्यादा कोणत्या, हे बहुधा येथे असते. त्यासाठी मदतीच्या कळेनंतर 'शिफ्ट' धरून 'पी' दाबावे व पॅकेजचे नाव द्यावे. नाव माहीत नसल्यास 'शिफ्ट' न धरता साधा 'पी' दाबावा, म्हणजे विषयवार वर्गीकरण दिसते. ग्रंथालयात पुस्तकाचे नाव माहीत नसताना विषयाच्या कपाटाकडे जावे, तसाच हा प्रकार होय. सर्व पॅकेजांची यादी पाहण्यासाठी 'लिस्ट-पॅकेजेस' ही आज्ञा आहे. पॅकेजांची ही व्यवस्था २०१२ मध्ये आलेल्या २४ व्या आवृत्तीपासून एडिटरमध्येच अंतर्भूत आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे सविस्तर पुस्तिका. मदतीच्या कळेनंतर 'आय' दाबल्यास 'इन्फो' नावाचे वाचनालयच उघडते. त्यात एडिटरची आणि मोठ्या पॅकेजांची पुस्तके प्रकरणवार मांडलेली असतात. उदाहरणार्थ, टिपणे, कामांच्या याद्या व तक्ते ठेवण्यासाठी उपयोगी पडणारा 'ऑर्ग मोड' हा कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केला. आता तो एडिटरबरोबरच येतो आणि त्याचे स्वतंत्र पुस्तक या वाचनालयात आहे. पुस्तकात असताना 'आय' दाबून शब्द दिला, की निर्देशसूचीतील संबंधित पान उघडते. पाणीपुरवठ्याच्या नोंदींचा तक्ता करून बेरीज कशी घ्यावी, हे ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला त्यातून स्वतः शिकता येईल.

लहान पॅकेजांना स्वतंत्र पुस्तक नसते. तेथे पहिल्या दोन ठिकाणांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून पुस्तक सापडले नाही, एवढ्यावरून माहितीच नाही असा निष्कर्ष काढू नये.

अकोल्याचा सूर्योदय: एक उदाहरण

ही तीन ठिकाणे एकमेकांस कशी पूरक ठरतात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अकोल्याच्या एखाद्या शाळेतील भूगोलाच्या शिक्षकाला सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावयाचा आहे, असे समजू. एडिटरच्या दिनदर्शिकेत अशी सोय आहे, एवढेच त्याच्या कानावर आले आहे. आज्ञेचे नाव त्याला माहीत नाही.

प्रथम मदतीची कळ दाबून 'ए' दाबावे व 'सनराइज' हा शब्द रोमन अक्षरांत टंकित करावा. यादीत 'सनराइज-सनसेट' ही आज्ञा दिसते. तिच्या नावावर 'एंटर' दाबताच स्पष्टीकरण उघडते: ही आज्ञा आजच्या दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्ताची स्थानिक वेळ देते. आज्ञा चालविण्यासाठी 'ऑल्ट' धरून 'एक्स' दाबावे आणि तिचे नाव लिहावे.

आता एडिटर अक्षांश-रेखांश विचारतो. ते कोणत्या रीतीने द्यावेत? त्यासाठी 'व्ही' दाबून 'कॅलेंडर-लॅटिट्यूड' या चलाचे स्पष्टीकरण पाहावे. उत्तर अक्षांश धन व दक्षिण अक्षांश ऋण लिहावा, आणि दशांश चिन्हानंतर एक स्थळ पुरेसे आहे, असे तेथे सांगितले आहे. रेखांशाच्या चलात पूर्व धन व पश्चिम ऋण असा संकेत आहे. त्यानुसार अकोल्यासाठी २०.७ आणि ७७.० हे आकडे द्यावेत, अमरावतीसाठी २०.९ आणि ७७.८ हे आकडे होतात. दर वेळी आकडे द्यावे लागू नयेत म्हणून ते कायमचे नोंदविण्याचा दुवाही त्याच स्पष्टीकरणात असतो.

उत्तर आले, पण ते कितपत विश्वसनीय मानावे? हे सांगणारा मजकूर त्या पॅकेजच्या धारिकेच्या आरंभीच्या निवेदनात आहे. 'फाइंड-लायब्ररी' ही आज्ञा चालवून 'सोलर' हे नाव दिले, की ती धारिका उघडते. १९५१ ते २०५० या वर्षांसाठी वेळा मिनिटापर्यंत अचूक असून, अन्य वर्षांसाठी दोन मिनिटांपर्यंत फरक पडू शकतो, असे निवेदन सांगते. आज्ञा कशी चालवावी हे पहिल्या ठिकाणी कळले. तिच्या उत्तरावर किती भिस्त ठेवावी, हे दुसऱ्या ठिकाणी कळले. दिनदर्शिकेचा सर्व विस्तार वाचावयाचा असल्यास तिसऱ्या ठिकाणी, एडिटरच्या पुस्तकात, तिचे प्रकरण आहे.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट येथे पडताळून पाहता येईल. पृथ्वी एक अंश रेखांशाइतकी फिरण्यास चार मिनिटे लागतात. अमरावती अकोल्याच्या पूर्वेस सुमारे पाऊण अंशावर असल्याने तेथे सूर्य सुमारे तीन मिनिटे आधी उगवला पाहिजे. यंत्राने दिलेले उत्तर या हिशेबाशी जुळते का, हे वर्गातच पाहता येईल.

देवनागरी आणि मोडी

मराठी मजकूर लिहिण्यासाठी या एडिटरमध्ये लेखनपद्धती अंतर्भूत आहेत. शासकीय संगणकांवर परिचित असलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाप्रमाणे देवनागरी लिहिता येते. रोमन अक्षरांवरून उच्चारानुसार लिहिण्याची पद्धतही आहे. 'कंट्रोल' धरून तिरपी उलटी रेघ असलेली कळ दाबली, की लेखनपद्धती चालू किंवा बंद होते.

मोडी लिपीच्या अभ्यासकांसाठी विशेष नोंद अशी की, मोडीचा समावेश २०१४ मध्ये युनिकोडच्या ७ व्या आवृत्तीत झाला आणि जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमॅक्सच्या २९ व्या आवृत्तीत मोडीसाठी लेखनपद्धती आली. जुन्या दस्तऐवजांचे वाचन करणाऱ्यांना तिचा उपयोग आहे. ती शिकविणारा माणूस तालुक्यात मिळणे कठीण. परंतु मदतीच्या कळेनंतर 'शिफ्ट' धरून 'आय' दाबले व लेखनपद्धतीचे नाव दिले, तर कोणत्या कळेने कोणते अक्षर उमटते याची माहिती समोर येते. मात्र मोडीचा टंक संगणकावर असणे आवश्यक आहे, अन्यथा अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात.

अडखळण्याच्या जागा

नवशिक्याने दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली ही की, संगणकावर असलेले प्रत्येक पॅकेज त्या क्षणी स्मृतीत उतरविलेले असतेच असे नाही. न उतरविलेल्या पॅकेजच्या काही आज्ञा शोधात दिसत नाहीत. शोध निष्फळ ठरल्यास पॅकेज एकदा सुरू करून तोच शोध पुन्हा घ्यावा. दुसरी ही की, शोधाचा शब्द लेखकाने वापरलेला असला पाहिजे. एक शब्द चालला नाही, तर त्या अर्थाचा दुसरा शब्द वापरून पाहावा.

अन्य एडिटरांतही अशी सोय आढळते. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'व्हिम' या एडिटरमध्ये अपूर्णविराम टंकित करून 'हेल्प' हा शब्द लिहिला, की माहिती उघडते. त्याच्या जोड-सुविधा आपली माहिती 'डॉक' नावाच्या कप्प्यात ठेवतात आणि 'लोकल-ॲडिशन्स' या मथळ्याखाली तिची यादी मिळते. साधन कोणतेही असो, त्याच्या पोटातील माहितीचा दरवाजा कोठे आहे, हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवावे.

लिहून ठेवण्याचे कर्तव्य

या व्यवस्थेत एक उणीव आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. येथील बहुतेक सर्व माहिती इंग्रजीत आहे. नवशिक्यासाठी असलेला आरंभपाठ जगातील अनेक भाषांत झाला असला, तरी २९ व्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या पाठांत मराठी नाही. इंग्रजीचा सराव नसलेल्या शिक्षकासमोर दरवाजा उघडला, तरी आतील पाटी परभाषेत असते.

ही उणीव भरून काढण्याची सोय मात्र त्याच एडिटरमध्ये आहे. आज्ञेचे स्पष्टीकरण कोणत्या लिपीत असावे, यावर तेथे बंधन नाही. एखाद्या शिक्षकाने हजेरीचा तक्ता तयार करणारी लहानशी आज्ञा रचली आणि तिच्या व्याख्येत अवतरणचिन्हांमध्ये चार ओळी मराठीत लिहिल्या, तर मदतीची कळ दाबणाऱ्या त्याच्या उत्तराधिकाऱ्याला त्याच चार ओळी मराठीत वाचावयास मिळतील. आज्ञा काय करते, तिला कोणती माहिती द्यावी लागते आणि ती कोठे चुकू शकते, एवढे त्यात असले तरी पुरे. बदली होऊन गेलेल्या माणसाला दूरध्वनी करण्याची गरज उरणार नाही.

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. पावित्र्यरक्षणाचा त्यामागील हेतू सफल झाला. परंतु लिपीची किल्ली पंथाबाहेर कोणापाशी नसल्याने मराठीतील आद्य गद्य इतर अभ्यासकांना कित्येक शतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती ती किल्ली आली, तेव्हा ते भांडार खुले झाले. त्याच रिद्धपुरात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ कार्यास लागले आहे. संगणकीय साधनांची मार्गदर्शिका मराठीत आणण्याचे काम अशा संस्थांनी, तसेच अमरावती व अकोल्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे.

कार्यालयातील संगणकात मुद्दाम कोणी किल्ली लपवीत नाही. ती लिहून ठेवावयाची राहून जाते, इतकेच. साधनाला प्रश्न विचारण्याची सवय आणि पुढच्या माणसासाठी उत्तर लिहून ठेवण्याची सवय, या दोन्ही बरोबरीने लागल्या, तर जिल्ह्याच्या गावी जाण्यात मोडणारे कितीतरी दिवस शाळेच्या आणि गावाच्या कामी येतील.